अनंताला चौकटीत बसवणारा एशर

शाळेच्या अखेरच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या या डच मुद्राचित्रकाराने आकृत्यांचे नियम स्वतःच शोधले, स्वतःच मोजले आणि लाकडात कोरले. कलासमीक्षकांनी त्याला दूर ठेवले. गणितज्ञांनी मात्र आपला मानले. मॉरिट्स एशरच्या आयुष्याचा हा आलेख.

१९५४ च्या सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅम शहरात जगभरचे गणितज्ञ आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जमले होते. त्या निमित्ताने तेथील स्टेडेलिक संग्रहालयात एक प्रदर्शन भरवण्यात आले. भिंतींवर वुडकट आणि लिथोग्राफ पद्धतीने छापलेली मुद्राचित्रे होती. पांढऱ्या पक्ष्यांच्या मधल्या जागेतून काळे पक्षी साकारत होते. एकाच खोलीत तीन वेगवेगळ्या दिशांना जमीन मानून माणसे जिने चढत होती. प्रमेये सिद्ध करण्यात आयुष्य घालवलेल्या प्राध्यापकांना या चित्रांत आपल्याच विषयाच्या खुणा दिसू लागल्या. चित्रकाराला मात्र त्यांची परिभाषा कळत नव्हती. शाळेत बीजगणिताने त्याला घाम फोडला होता आणि त्याच्याजवळ गणिताची कोणतीही पदवी नव्हती.

मॉरिट्स कॉर्नेलिस एशर त्या वेळी छपन्न वर्षांचा होता. तीस वर्षांहून अधिक काळ तो लाकूड कोरत होता. चित्रकारांच्या जगात तो परका होता आणि गणिताच्या जगात पाहुणा. या दोन जगांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात, जवळजवळ एकट्याने, त्याने जे काही उभे केले, त्याची ही कहाणी आहे.

अभियंत्याचा मुलगा

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील लेउवार्डन गावी १७ जून १८९८ रोजी एशरचा जन्म झाला. वडील जॉर्ज एशर हे स्थापत्य अभियंते. जलव्यवस्थापनाच्या कामासाठी त्यांनी तरुणपणी काही वर्षे जपानमध्ये काढली होती. ज्या वाड्यात मॉरिट्स जन्मला, तेथे पुढे मातीची भांडी आणि फरश्यांचे संग्रहालय झाले. फरशीला फरशी जुळवण्याच्या ध्यासात आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या जन्मघराला हे साजेसेच म्हणायचे.

मॉरिट्स पाच वर्षांचा असताना कुटुंब आर्नहेमला आले. प्रकृती नाजूक, अभ्यासात गती बेताची आणि शाळेविषयी मनात धास्ती, असे त्याचे बालपण गेले. रमायचा तो फक्त चित्रकलेच्या तासाला. तेथील शिक्षकांनी त्याला लिनोलियमवर कोरून ठसा उमटवण्याची पद्धत शिकवली. शालान्त परीक्षेत तो नापास झाला. वडिलांची इच्छा होती, की मुलाने निदान वास्तुरचनाकार तरी व्हावे. त्यानुसार १९१९ मध्ये तो हार्लेमच्या वास्तुकला आणि सजावट कलेच्या विद्यालयात दाखल झाला.

त्या विद्यालयात सॅम्युएल जेसुरुन द मेस्किता हे मुद्राचित्रणाचे शिक्षक होते. पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंच्या वंशातले हे कलावंत. मॉरिट्सचे काम पाहून त्यांनी त्याला वास्तुकला सोडून मुद्राचित्रण शिकण्याचा सल्ला दिला. आठवडाभरातच निर्णय झाला. लाकडाची जात, पटाशीचा कोन, काळ्या-पांढऱ्याचा तोल हे सारे एशर त्यांच्याकडून शिकला. गुरुशिष्यांचे हे नाते विद्यालय सुटल्यावरही टिकले, आणि त्याचा शेवट अतिशय दारुण झाला.

इटलीतील वर्षे

१९२२ मध्ये शिक्षण संपवून एशर दक्षिणेकडे निघाला. इटली त्याने पायी पालथी घातली. त्याच वर्षी स्पेनमधील ग्रानाडा येथे अल्हंब्रा राजवाड्याच्या भिंती त्याने प्रथम पाहिल्या. पुढच्या वर्षी रावेल्लो गावात येट्टा उमिकर या स्विस कुटुंबातील तरुणीशी त्याची ओळख झाली, १९२४ मध्ये विवाह झाला आणि दोघांनी रोममध्ये संसार थाटला.

रोममधील दशक हा एशरच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा काळ मानला जातो. दर वसंतात तो मित्रांसह दक्षिण इटलीच्या डोंगरांत भटकायचा आणि हिवाळाभर त्या रेखाटनांवरून मुद्राचित्रे करायचा. १९३० मधील ‘कास्त्रोवाल्वा’ हे कड्यावर लटकलेल्या खेड्याचे चित्र याच भटकंतीचे फळ. चित्रे फारशी खपत नसत. वडिलांकडून येणाऱ्या पैशांवरच घर चालत असे.

या सुखाला फॅसिस्ट राजवटीने तडा दिला. थोरला मुलगा जॉर्ज नऊ वर्षांचा झाला आणि शाळेत त्याला मुसोलिनीच्या बालसंघटनेचा गणवेश घालण्याची सक्ती झाली. राजकारणाशी कधीही संबंध न ठेवणाऱ्या एशरला हे असह्य झाले. १९३५ मध्ये कुटुंबाने इटली सोडून स्वित्झर्लंड गाठले. तेथील बर्फाच्छादित डोंगर त्याच्या मनाला भिडेनात. चित्रांचा विषयच हरवला होता.

अल्हंब्राच्या भिंती

या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी त्याने एक युक्ती केली. एका इटालियन जहाज कंपनीला त्याने पत्र लिहून प्रस्ताव दिला, की मला आणि माझ्या पत्नीला मालवाहू जहाजांतून प्रवास करू द्या, भाड्याऐवजी मी प्रवासातील दृश्यांची मुद्राचित्रे देईन. आश्चर्य म्हणजे कंपनीने होकार कळवला. १९३६ मध्ये ही दोघे पुन्हा अल्हंब्रात पोहोचली. दिवसेंदिवस भिंतींसमोर बसून त्यांनी फरश्यांवरील नक्षी कागदावर उतरवून घेतली.

मध्ययुगीन मुस्लिम कारागिरांनी या भिंतींवर फरश्यांचे असे आकार जुळवले होते, की कोठे फट नाही आणि कोठे एकावर एक चढणे नाही. नक्षी हव्या त्या दिशेने कितीही वाढवत न्यावी. तिला अंत नाही. एशर भारावून गेला. मात्र त्याला एक हळहळही वाटली. या कारागिरांनी केवळ भौमितिक आकारच वापरले होते. याच जागी पक्षी, मासे, सरडे असे ओळखता येणारे जीव आले तर? या एका प्रश्नाने त्याचे उर्वरित आयुष्य व्यापले. निसर्गदृश्ये मागे पडली. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाऐवजी मनात रचलेल्या नियमांचे जग तो कोरू लागला.

सतरा आणि तेवीस

१९३७ मध्ये कुटुंब ब्रुसेल्सजवळ राहायला आले. एशरचे सावत्र बंधू बेरेंड हे लायडन विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक होते. मॉरिट्सच्या वहीतील गुंतलेले प्राणी पाहून त्यांना स्फटिकशास्त्राची आठवण झाली. त्यांनी त्या विषयावरील शोधनिबंधांची यादी भावाला दिली. बहुतेक निबंध एशरच्या डोक्यावरून गेले. जॉर्ज पोल्या या गणितज्ञांच्या १९२४ मधील निबंधात मात्र सतरा छोट्या आकृत्या होत्या. त्या पाहताच त्याला वाट सापडली.

त्या आकृत्यांमागचा सिद्धान्त असा, की सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी सतत पुनरावृत्त होणारी नक्षी कितीही निरनिराळी दिसली, तरी तिच्या सममितीचे प्रकार सतराच असतात. मूळ आकार सरकवणे, फिरवणे, आरशातल्यासारखा उलटवणे, किंवा ओल्या वाळूतील डाव्या-उजव्या पावलांप्रमाणे उलटवत सरकवणे, एवढ्याच क्रिया शक्य आहेत आणि त्यांची सांगड सतराच प्रकारे बसते. रशियन शास्त्रज्ञ फेडोरोव्ह यांनी १८९१ मध्येच हे सिद्ध केले होते. एशरने सिद्धतेकडे पाहिलेही नाही. सतराही आकृत्या त्याने वहीत उतरवून घेतल्या आणि कोणता आकार शेजाऱ्याशी कोणत्या कडेने जुळतो, याची स्वतःची वर्गवारी तयार केली. पुढे जन्मभरात त्याने अशी १३७ क्रमांकित रेखाटने केली.

याच सुमारास त्याला आणखी एका मोजणीचा नाद लागला. बटाटा कापून त्याचे ठसे उमटवण्याचा खेळ तो आपल्या मुलांबरोबर खेळत असे. आपल्याकडेही शाळकरी मुलांना हा खेळ परिचित आहे. एशरने त्यातून एक प्रश्न काढला. एकच चौकोनी ठसा घ्यायचा. तो सरळ, आडवा, उलटा आणि दुसऱ्या बाजूने आडवा असा चार प्रकारे उमटवता येतो. असे चार ठसे दोन-दोनच्या दोन ओळींत जुळवून एक मोठा चौकोन करायचा आणि तोच चौकोन सगळीकडे छापत जायचा. खरोखर वेगळ्या अशा किती नक्ष्या मिळतील?

चार जागा आणि प्रत्येक जागी चार पर्याय, म्हणजे एकूण मांडण्या २५६. पण त्यांतील अनेक मांडण्या पुढे वाढवत नेल्या, किंवा कागद फिरवून पाहिला, की एकच नक्षी देतात. हातात सूत्र नसताना एशरने एकेक मांडणी तपासली, सारख्या निघालेल्या बाजूला सारल्या आणि उत्तर काढले, ते होते तेवीस. समूह सिद्धान्ताची साधने वापरून हाच प्रश्न गणिती पद्धतीने सोडवता येतो. अमेरिकन गणितज्ञ डोरिस शॅटश्नायडर यांनी एशरच्या वह्यांचा अभ्यास करताना हा हिशेब पडताळून पाहिला. उत्तर तेवीसच आले.

या मोजदादीतूनच त्याची उत्तमोत्तम चित्रे जन्मली. १९३८ मधील ‘दिवस आणि रात्र’ या वुडकटमध्ये शेतांचे चौकोन हळूहळू पक्षी होतात. पांढरे पक्षी रात्रीकडे उडतात, काळे दिवसाकडे, आणि प्रत्येकाची कडा शेजाऱ्याचीही कडा असते. हे त्याचे सर्वाधिक खपलेले चित्र. त्याच्या साडेसहाशेहून अधिक प्रती त्याने स्वतः काढल्या. यंत्र न वापरता, शाई लावलेल्या लाकडावर कागद अंथरून हाडाच्या चमच्याने घासत तो छाप घेत असे.

बुटाचा ठसा

१९४१ च्या आरंभी एशर कुटुंबासह मायदेशी, बार्न गावी परतला. नेदरलँड्सवर तेव्हा जर्मन सैन्याचा कब्जा होता. कलावंतांनी नाझीपुरस्कृत संस्थेचे सभासद व्हावे, असा हुकूम निघाला. सभासद न होणाऱ्याला प्रदर्शने भरवण्याची मुभा नव्हती. एशर सभासद झाला नाही.

द मेस्किता आता वृद्ध झाले होते आणि हार्लेमच्या घरातच राहत होते. १९४४ च्या जानेवारीअखेरच्या रात्री त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि मुलाला जर्मनांनी पकडून नेले. पतिपत्नीची काही दिवसांतच ऑशविट्झच्या छळछावणीत हत्या झाली. मुलगाही वाचला नाही. एशर गुरूंच्या भेटीला गेला, तेव्हा घर रिकामे होते आणि आयुष्यभराची चित्रे जमिनीवर विखुरली होती. हाती लागतील तेवढी त्याने गोळा केली. वाचवलेली चित्रे पुढे स्टेडेलिक संग्रहालयात सुरक्षित राहिली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तेथेच गुरूंचे स्मृतिप्रदर्शन भरले. त्यातील एका चित्रावर सैनिकाच्या बुटाचा ठसा उमटला होता. तो कागद एशरने स्वतःजवळ अखेरपर्यंत जपला.

नियम आणि सममितीच्या त्याच्या ओढीमागे हा काळ होता, हे विसरून चालणार नाही. ज्या वर्षांत बाहेरच्या जगातील सारे नियम कोसळत होते, त्याच वर्षांत तो वहीच्या पानांवर एकेका जिवाला त्याची नेमकी जागा देत होता.

गणितज्ञांच्या दारी

१९५१ मध्ये ‘टाइम’ आणि ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकांनी त्याच्यावर लेख छापले आणि मागणी वाढली. त्यानंतरचे ॲमस्टरडॅमचे प्रदर्शन निर्णायक ठरले. केंब्रिजमध्ये संशोधन करणारे रॉजर पेनरोझ हे तरुण गणितज्ञ ते पाहून गेले. पुढे २०२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे हेच पेनरोझ. त्यांनी कागदावर काढता येईल पण प्रत्यक्षात असू शकणार नाही, असा त्रिकोण रेखाटला. त्यांचे वडील लायोनेल यांनी कधीच न संपणारा जिना कल्पिला. पितापुत्रांचा हा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची प्रत एशरला पोहोचली. त्या जिन्यावरून १९६० मधील ‘चढण आणि उतरण’ आणि त्रिकोणावरून १९६१ मधील ‘धबधबा’ ही चित्रे झाली. एका चित्रकारापासून गणिताकडे गेलेली कल्पना अशी फिरून चित्रकाराकडे परत आली.

दुसरी भेट कॅनडातील भूमितिज्ञ एच. एस. एम. कॉक्सेटर यांची. अनंत नक्षी कागदाच्या कडेशी तुटते, ही एशरची जुनी खंत होती. कॉक्सेटर यांनी पाठवलेल्या निबंधात युक्लिडेतर भूमितीची एक आकृती होती. वर्तुळातील त्रिकोण परिघाकडे लहान लहान होत जातात; परिघाशी त्यांची संख्या अनंत होते, तरी वर्तुळ ओलांडले जात नाही. मजकूर एशरला अगम्य होता. त्याने कंपास आणि पट्टी घेऊन त्या आकृतीची रचना स्वतः उलगडली आणि १९५८ ते १९६० या काळात ‘वर्तुळमर्यादा’ मालिकेतील चार वुडकट केले.

त्यातील तिसऱ्यात पांढऱ्या कमानींवरून एकामागे एक मासे पोहतात. त्यासाठी पाच ठोकळे कोरले होते. प्रत्येक ठोकळा चार वेळा फिरवून छापायचा, म्हणजे एका प्रतीसाठी वीस छाप. एक जरी केसभर सरकला, तरी प्रत वाया. १९७९ मध्ये कॉक्सेटर यांनी त्या कमानींचे गणित मांडले. त्या परिघाला सुमारे ८० अंशांच्या कोनात मिळायला हव्या होत्या, आणि एशरने त्रिकोणमितीशिवाय, केवळ नजरेने, त्या तशाच काढल्या होत्या. तोवर एशरला जाऊन सात वर्षे झाली होती.

स्फटिकशास्त्रज्ञांनीही त्याला स्वीकारले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी कॅरोलिन मॅकगिलाव्री यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेल्या पुस्तकात विद्यार्थ्यांना सममिती शिकवण्यासाठी एशरचीच रेखाटने वापरली आहेत.

नकोशी कीर्ती

कलेच्या जगाची दारे मात्र किलकिलीच राहिली. भावनेपेक्षा बुद्धीने केलेली, थंड चित्रे, असा शिक्का त्याच्या कामावर बसला होता. त्याच दशकात अमेरिकेत संकल्पनात्मक कलेचा उदय होत होता, ही या कहाणीतील विसंगती. सोल लेविट (१९२८-२००७) यांनी १९६७ मधील लेखात कलाकृतीत कल्पनाच सर्वांत महत्त्वाची असल्याचे प्रतिपादन केले. उभी, आडवी आणि दोन तिरप्या अशा चार दिशांच्या रेषा घेऊन एकेकट्या, दोन-दोन, तीन-तीन आणि चारही एकत्र अशा सर्व पंधरा मांडण्या त्यांनी भिंतींवर आणि मुद्राचित्रांत क्रमाने मांडल्या. सर्व शक्यता मोजून संपवण्याची ही वृत्ती एशरच्या तेवीस नक्ष्यांशी नाते सांगते. फरक हाताचा आहे. लेविट यांचा नियम लिहून दिला की रेषा दुसऱ्या कोणीही ओढाव्यात. एशरचा नियम त्याच्या पटाशीतून उतरल्यावाचून पुरा होत नसे. लेविट यांच्या आकड्यांना आधुनिक कलादालनांत मानाचे स्थान मिळाले. एशरच्या वाट्याला पहिले मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन आले, ते हेग शहरात १९६८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी.

तरुणांनी मात्र त्याला उचलून धरले होते. त्याची चित्रे परवानगीवाचून भडक रंगांत भित्तिपत्रकांवर छापली जाऊ लागली. शिस्तप्रिय, एकांतप्रिय एशरला या कौतुकाचे कोडेच पडले. ‘रोलिंग स्टोन्स’चा गायक मिक जॅगर याने १९६९ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी चित्र मागितले, तेव्हा एशरने नकार दिलाच, शिवाय अनोळखी माणसाने आपल्याला पहिल्या नावाने संबोधल्याबद्दल नापसंतीही कळवली.

घरात मात्र पोकळी वाढत होती. तिन्ही मुले मोठी होऊन दूर गेली होती. १९६८ च्या अखेरीस येट्टा कायमच्या स्वित्झर्लंडला निघून गेल्या. प्रकृती ढासळत असतानाच जुलै १९६९ मध्ये एशरने ‘साप’ हे अखेरचे वुडकट पूर्ण केले. एकमेकांत अडकलेल्या कड्यांचे जाळे, मध्याकडे आणि कडेकडे लहान होत जाणाऱ्या कड्या आणि त्यांतून डोकावणारे तीन साप. एकाहत्तर वर्षांच्या हाताचा कंप त्यात कोठे दिसत नाही. पुढच्या वर्षी तो लारेन येथील वृद्ध कलावंतांच्या निवासात राहायला गेला आणि २७ मार्च १९७२ रोजी हिल्व्हरसमच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. मागे ४४८ मुद्राचित्रे आणि दोन हजारांहून अधिक रेखाटने उरली. २००२ मध्ये हेगमधील एका जुन्या राजवाड्यात त्याच्या चित्रांचे संग्रहालय सुरू झाले.

रिकामी राहिलेली जागा

त्याच्या १९५६ मधील ‘चित्रदालन’ या लिथोग्राफमध्ये एक युवक भिंतीवरचे चित्र पाहत उभा आहे. चित्रातील बंदरावरून नजर फिरवत गेले, की त्याच गावातील एका इमारतीत तेच दालन आणि तोच युवक दिसतो. कागदाच्या कडेने एक फेरी पूर्ण होईपर्यंत चित्र २५६ पटींनी मोठे होत जाते. बटाट्याच्या ठशांच्या हिशेबात आलेली संख्या येथेही येते, कारण प्रत्येक बाजूला चौपट असा चार बाजूंचा तो गुणाकार आहे. मात्र अगदी मध्यभागी काय काढावे, हे एशरला उमगले नाही. तेथे त्याने पांढरे वर्तुळ सोडले आणि त्यात आपली सही केली.

२००३ मध्ये लायडन विद्यापीठातील हेंड्रिक लेन्स्ट्रा आणि बार्ट द स्मित या गणितज्ञांनी चित्रामागचे सूत्र शोधून ती जागा संगणकाच्या साहाय्याने भरली. त्या जागेत तेच संपूर्ण चित्र बसते, २२.५८ पटींनी लहान झालेले आणि सुमारे १५७.६ अंशांतून फिरलेले. त्या छोट्या चित्राच्या मध्यभागी पुन्हा तेच चित्र, आणि याला शेवट नाही. एशर ज्या अनंताच्या मागे आयुष्यभर होता, ते त्याच्या सहीखालीच दडलेले होते. सूत्र माहीत नसताना तो जेथवर पोहोचला, तेथून पुढचे अंतर गणिताला सत्तेचाळीस वर्षांनी चालावे लागले.